पुढचं वाक्य

एकतीस वर्षं कुताइसीच्या थिएटरात
मी प्रॉम्प्टरच्या पेटीत बसले.
तिथून माणूस पायापासून दिसतो :
राजाचे बूट, बुटाची उसवलेली शिवण,
मग गुडघे, मग फार वर, धुरकट, चेहरा.
नट विसरण्याच्या अर्धा श्वास आधी
वाक्य कुजबुजायचं, एवढंच माझं काम.
विसरल्यावर काय, कुणीही सांगेल.

व्हालेरिआन जुन्या वळणाचा.
दुःख म्हणजे उजवा हात कपाळाकडे,
राग म्हणजे डावा पाय पुढे, आणि आवाज
थेट बाल्कनीतल्या शेवटच्या म्हातारीच्या कानात.
त्याच्या थुंकीचे शिंतोडे माझ्या वहीवर वाळायचे.
वीज नसलेल्या त्या हिवाळ्यांत
रॉकेलच्या चार दिव्यांवर त्यानं मेजवानी उभी केली,
रिकामं शिंग तोंडाला लावलं, एका दमात संपवलं,
आणि ओव्हरकोटात कुडकुडणाऱ्या सगळ्या प्रेक्षागृहानं
आवंढा गिळला.
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं नाही, म्हणतात.
तो पैशाचंही आणायचा.
सकाळी पावाच्या रांगेत मात्र
हात कुठे ठेवावेत ते त्याला कळायचं नाही.

एतेरीला सगळं आतून यायला हवं.
रडण्याआधी ती विंगेत भिंतीकडे तोंड करून
लहानपणीचा मेलेला कुत्रा आठवायची.
अकरा वर्षं तो कुत्रा
प्रत्येक राणीसाठी, प्रत्येक विधवेसाठी नव्यानं मेला.
मग तिची आई खरंच गेली.
शवपेटीपाशी उभी एतेरी माझ्या कानात म्हणाली,
"काहीच येत नाहीये गं. कुत्रासुद्धा."

बादरी शेवटी आला, आणि कमी करत गेला.
चेहरा पुसा, म्हणायचा. फक्त मान. फक्त बोट.
एका प्रयोगात त्यानं चार मिनिटं डाळिंब सोललं,
तेवढाच बायकोचा निरोप.
लोक खोकले. कुणी घड्याळ पाहिलं.
मला वहीत पुढचं वाक्य सापडेना.

आता पेन्शन आहे, आणि ओतिया आहे,
माझा नवरा, रेल्वेतला तिकीट तपासनीस.
नाटकात त्याला कायम झोप यायची.
हल्ली चहाचा पेला हातात घेऊन
तो मध्येच थांबतो.
ते थांबणं मी ओळखते.
"साखर," मी म्हणते, न बघता, ओठ न हलवता.
"साखर दे," तो म्हणतो, जणू त्याचंच वाक्य.

पाहुणे आले की ग्लास उंचावतो,
मेलेल्यांसाठी, मुलांसाठी, घराच्या छपरासाठी.
हात असा काही फिरवतो की शेजारीण म्हणते,
"ठणठणीत तर आहे!"
नावं मी मागून पुरवत असते,
लोणच्याची बरणी पुढे करता करता.

रात्री कधी मी त्याची बहीण झेनिया.
कधी झेस्ताफोनीला उतरणारी कुणी बाई.
"तिकीट दाखवा," तो म्हणतो, अदबीनं, मला, तुम्ही म्हणून.
मी विजेचं बिल देते.
तो अंगठ्याच्या नखानं त्याला भोक पाडतो, परत करतो.

पेटीबाहेर मी कधी उभी राहिले नव्हते.
कशी करू ही बाई?
व्हालेरिआनसारखा हात उचलला तर तो दचकेल.
एतेरीसारखं कुत्र्याला बोलवायची गरज नाही,
तो इथेच आहे, पलंगाखाली, जिवंत.
मी डाळिंब सोलते.

काल सोलता सोलता त्यानं माझ्याकडे पाहिलं,
काहीतरी हाक मारायला तोंड उघडलं,
आणि थांबला.
अर्धा श्वास. एक. दीड.
पुढचं वाक्य म्हणजे माझं नाव.
आयुष्यात पहिल्यांदा मी कुजबुजले नाही.

घड्याळ चाललं होतं. एक दाणा ताटलीबाहेर पडला.
"तुम्हाला," तो म्हणाला, "इथेच उतरायचंय ना?"

"अजून नाही," म्हटलं,
आणि मूठभर दाणे त्याच्या तळहातावर ठेवले.